वर्गणी, वाळवी आणि अभ्यासिका

नवं पुस्तक वाचनालयात आलं म्हणून ते त्याच दिवशी वाचकाच्या हाती पडत नाही. आधी ते बिलाशी ताडून पाहायचं. मग दाखल नोंदवहीत घ्यायचं : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत. मग शिक्के. एक शीर्षकाच्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर. या आतल्या पानाला ग्रंथपाल गुप्त पान म्हणतात. पुढची-मागची पानं फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणून सांगू लागला, तर ते कुणाचं हे या पानावरून कळतं. त्यानंतर वर्गांक. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला 891.46, त्यापुढे कवितेला 1, नाटकाला 2, कथा-कादंबरीला 3. शेवटी पाठीवर लेबल, आत तारखेची चिठ्ठी आणि वरून प्लॅस्टिकचं कव्हर.

नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल सरांच्या शेजारी बसून मी हे काम पाहिलं. सरांचा हात चालू होता आणि मध्येच कुणी ना कुणी येत होतं. एका काकांना कालचा ‘प्रजावाणी’ हवा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, हे एक मुलगा विचारत होता. सरांनी पेन खाली ठेवलं, त्याला कागदपत्रांची यादी लिहून दिली आणि पुन्हा नोंदवही ओढली. यादी लिहून देण्याच्या या कामाला कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही. मला मात्र तेच वाचनालयाचं खरं काम वाटलं.

पावसाळ्यात तर निम्मा वेळ पुस्तकं वाचवण्यातच जातो. भिंतीला ओल आली की कपाट हातभर पुढे ओढायचं, खालचा खण रिकामा करायचा, डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा वाळका पाला टाकायचा. वाळवी मागच्या बाजूने येते. समोरून पुस्तकांची ओळ शाबूत दिसते आणि हात लावला की आतून भुगा पडतो. सरांनी मला तसा एक बांधीव अंक दाखवला. कव्हर जिथल्या तिथे होतं, आत मातीचे बोगदे. अशी पुस्तकं परस्पर रद्दीत घालता येत नाहीत. ग्रंथ पडताळणी करायची, बाद पुस्तकांची यादी कार्यकारिणीसमोर ठेवायची, ठराव घ्यायचा आणि मगच नोंदवहीत लाल शाईने शेरा मारायचा.

मराठवाड्यात वाचनालयांना वेगळा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान 53’ या परिपत्रकामुळे जाहीर सभेला सरकारची परवानगी लागे, खासगी शाळा काढणंही सोपं नव्हतं. अशा काळात माणसांनी एकत्र येऊन वर्तमानपत्र वाचायचं, बोलायचं ठिकाण म्हणजे वाचनालय. परभणीचं गणेश वाचनालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेलं आहे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याच्या आधीपासून गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून कपाटं भरली होती. नांदेडला नरहर कुरुंदकरांसारखा माणूस घडला, त्यामागे ही वाचत्या माणसांची परंपरा होती असं मी मानतो.

पुढे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. त्यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी संस्था नोंदवायची, वाचनालय चालवायचं आणि शासनाने अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं, अशी ही रचना. राज्यात अशी अकरा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. 2012 मध्ये महसूल खात्याने सगळ्यांची पडताळणी केली आणि त्यानंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि वर्गबदल थांबले. नोव्हेंबर 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाचे 48,000 रुपये ठरले. अनुदानाची ढोबळ विभागणी अशी : निम्मे वेतनावर, निम्मे पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज यांवर. म्हणजे वेतनाला महिन्याला 2,000 रुपये. तालुका ‘अ’ वर्गाचं अनुदान 6,14,400 झालं. त्यात सगळ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी मिळून महिन्याला 25,600 रुपये उरले. एवढ्यात ग्रंथपाल, सहायक, शिपाई सगळे आले. तेही हप्त्याने, आणि हप्ता लांबला की वेतनही लांबतं. रोज दार उघडणाऱ्या माणसाला आपण हे देतो. याची लाज गावाला वाटली पाहिजे आणि शासनालाही.

लातुरात चित्र निराळं. ‘लातूर पॅटर्न’मुळे शहरभर शिकायला आलेली मुलं. त्यांना पुस्तक घरी न्यायचं नसतं. हवी असते एक खुर्ची, डोक्यावर पंखा, मोबाइलला चार्जिंग आणि शांतता. म्हणून खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या, महिन्याचं भाडं घेऊन. सार्वजनिक वाचनालयांनीही आपल्या खोल्या अभ्यासिकेला दिल्या. अशाच एका खोलीत मी सकाळी गेलो तेव्हा प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली, नीटच्या किंवा पोलीस भरतीच्या प्रश्नसंचांची चळत आणि मान खाली घातलेली मुलं. शेजारच्या दालनातल्या कपाटांकडे तासाभरात कुणी फिरकलं नाही. बाहेर व्हरांड्यात मात्र ‘एकमत’ची पानं वाटून घेऊन चार ज्येष्ठ माणसं वाचत बसली होती.

यावरून अभ्यासिकेला नावं ठेवणारे बरेच आहेत. वाचनालयाचं नुसतं वेटिंग रूम झालं, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. एका खोलीत तिघी-चौघींबरोबर राहणाऱ्या मुलीला सुरक्षित आणि फुकट किंवा नाममात्र दरात बसायला जागा मिळणं ही मोठी सेवा आहे. चूक होते ती पुढे. ही मुलं दोन-दोन वर्षं त्याच छताखाली बसतात आणि त्यांना कुणी एकही पुस्तक हातात देत नाही. अभ्यासिकेच्या दारातच एक लहान कपाट हवं, विना-नोंद उचलून वाचता येईल असं. अभ्यास करून डोकं शिणलेल्या मुलाला दहा पानांची गोष्ट उपयोगी पडते, हे लातुरातली ती अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंनी मला सांगितलं. त्यांनी स्वतःच्या टेबलावर तशी काही पुस्तकं मांडलीही होती.

पुढच्या काळाचं नियोजन म्हटलं की कार्यकारिणीच्या सभेत आधी संगणक आणि इमारत येते. दोन्ही लागतात. पण मी ज्या सभेत बसलो तिथे एका सदस्य बाईंनी वेगळा प्रश्न काढला : आपल्याकडे बायका किती येतात? नोंदवही उघडली. नावं होती, पण पुस्तकं नवरा किंवा मुलगा नेत होता. दुपारी दोन ते पाच, बायकांना जरा मोकळीक मिळते तेव्हा, वाचनालय बंद. त्यावरून बराच वेळ चर्चा झाली आणि आठवड्यातून दोन दुपारी उघडं ठेवून पाहायचं ठरलं. पैसा न लागणारा, पण सगळ्यात मोठा फरक पाडणारा निर्णय तोच होता. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी पुस्तकांची पेटी न्यावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’मध्ये शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोचवल्या, बचत गटाच्या बैठकीत अशी पेटी सहज फिरेल.

भाषेचाही विचार झाला पाहिजे. देगलूर-उदगीरकडे कन्नड, धर्माबाद-बिलोलीत तेलुगू, नांदेड शहरात उर्दू आणि पंजाबी घरात बोलली जाते. आपली कपाटं बहुतेक मराठीच. एखादा उर्दू पेपर आणि मुलांच्या तेलुगू-कन्नड गोष्टींचा एक खण ठेवला, तर आजवर न आलेली घरं वाचनालयात येतील.

सीमेपलीकडे पाहायला हरकत नाही. तेलंगणात घरपट्टीच्या रुपयामागे 8 पैसे ग्रंथालय कर घेतला जातो. कर्नाटकातही असा कर आहे. कर्नाटकाने 2019 मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं ग्रामविकास खात्याकडे दिली आणि 2020 मध्ये ‘ओदुव बेळकु’ मोहिमेत शाळेच्या वयाच्या मुलांना सभासदत्व मोफत केलं. बिदर जिल्हा उदगीर तालुक्याला लागूनच आहे. आपल्या कार्यकारिणीने एकदा तिकडे जाऊन यावं.

वाचनालय ही नोंदणीकृत संस्था आहे. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिथे संस्थेच्या घटनेप्रमाणे सभासदांना बोलता येतं, मत देता येतं. बहुतेक गावांत त्या सभेला गणपूर्तीसाठी माणसं गोळा करावी लागतात. आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरा, यंदाच्या सभेला जा आणि दोन ठराव मांडा : बायका-मुलांना सोयीची वेळ, आणि ग्रंथपालाच्या वेतनात गावाने घालायची भर.