द्राक्षबागेतील ‘पेस्टिंग’ : धोका, जोखीम आणि वैद्याचे काम

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण बहुधा साथीच्या रोगांपुरता अभ्यासतो. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले असता गावेच्या गावे कशी आजारी पडतात, हे आत्रेयांनी तेथे सांगितले आहे. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल अधिक गुरुतर, असा क्रमही लावला आहे. या क्रमाला त्यांनी दिलेले कारण दुष्परिहार्यत्वाचे आहे : जे टाळणे अधिक कठीण, ते अधिक गंभीर. कामाच्या ठिकाणी सुरक्षेचा निर्णय घेताना हा निकष किती उपयोगी पडतो, हे आपल्याच परिसरातील एका उदाहरणावरून पाहू.

कुकडी नदीवरील येडगाव धरणाच्या पाण्यावर या भागातील शेती उभी आहे. नारायणगाव-येडगाव पट्ट्यात टोमॅटोबरोबरच द्राक्षाच्या बागाही आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरील डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचे द्रावण लावले जाते. आपल्याकडे थंडी पुरेशी नसल्याने त्यावाचून डोळे एकसारखे फुटत नाहीत. या कामाला ‘पेस्टिंग’ म्हणतात. पुष्कळदा बोळा किंवा स्पंज हाती धरून, डोक्याच्या उंचीवरच्या काड्यांना द्रावण चोळले जाते आणि ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. हे काम करणारे बहुतेक रोजंदारीवरचे स्त्री-पुरुष असतात.

धोका आणि जोखीम हे शब्द आपण समानार्थी वापरतो. शास्त्रात ते भिन्न आहेत. धोका हा द्रव्याचा गुण होय. जोखीम ही त्या द्रव्याशी माणसाचा किती, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने संबंध येतो यावर ठरते. बाटलीत बंद असलेले विष धोकादायक खरे, पण जोखीम अल्प. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा औषधांच्या विषारीपणाइतकीच चर्चा डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीची, उकाड्याची आणि बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांची झाली होती. द्रव्याशी येणारा संबंध अशा गोष्टींनीच वाढतो.

जोखीम मोजण्याची सोपी पद्धत अशी : अपाय किती गंभीर होईल याला १ ते ५ गुण, तो घडण्याची शक्यता किती याला १ ते ५ गुण, आणि दोहोंचा गुणाकार. भुरीसाठी गंधक फवारणाऱ्याचे डोळे व त्वचा वारंवार चुरचुरतात. मी त्यास २ आणि ५ असे गुण देतो, गुणाकार १०. उघड्या हातांच्या पेस्टिंगला ४ आणि ४, म्हणजे १६. लांब दांड्याचा ब्रश आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे दिले तर शक्यता २ वर येते व गुणाकार ८ होतो. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत आणि त्यांना प्रयोगशाळेचे वजन देऊ नये. मात्र पैसा व श्रम आधी कोठे लावावेत, हे त्यांवरून स्पष्ट दिसते.

येथे दुष्परिहार्यत्वाचा निकष जोडावा लागतो. बागायतदार वाऱ्याची वेळ टाळू शकतो, साधन बदलू शकतो. रोजंदारीवरचा मजूर ‘आज नको’ म्हणू शकत नाही. त्याच्यासाठी ही जोखीम जवळजवळ अपरिहार्य आहे, म्हणून गुणाकार समान असला तरी तिची गुरुता अधिक धरली पाहिजे. हातमोजा हा शेवटचा उपाय होय, हेही ध्यानात ठेवावे. उन्हात घामाने ओला झालेला मोजा तासाभरात काढून टाकला जातो आणि आतून भिजलेला मोजा तर उघड्या हातापेक्षा वाईट. युरोपीय संघाने २००८ मध्ये या द्रव्याला मान्यता नाकारली. संरक्षक साधने वापरूनही हाताळणाऱ्याच्या शरीरात जाणारी मात्रा स्वीकारार्ह मर्यादेबाहेर राहते, हे त्यामागचे एक कारण होते. आपल्याकडे इतका थेट निर्णय होईपर्यंत दांड्याचा ब्रश, बागेतच साबण व पाण्याचे पिंप, कामगारांची पाळीपाळीने अदलाबदल आणि भांडी कालव्यात अथवा धरणाच्या पाण्यात न धुणे, एवढे तरी बागायतदाराकडून करवून घेता येते.

आता खास वैद्यांसाठी. हायड्रोजन सायनामाईड यकृतातील अल्डिहाईड डीहायड्रोजिनेज या विकराला रोखते. त्यामुळे मद्य घेतल्यास ॲसिटाल्डिहाईड साचते : चेहरा व छाती लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधड, धाप, रक्तदाब उतरणे. काही देशांत सायनामाईड मद्यमुक्तीचे औषध म्हणून याच गुणासाठी वापरले गेले. पेस्टिंग करून संध्याकाळी दारू घेणाऱ्याची अशी अवस्था झाली, तर ‘उष्णतेचा त्रास’ किंवा पित्तप्रकोप समजून त्यास घरी पाठवणे घातक ठरू शकते.

मात्र आपले स्वतःचे औषधही येथे विचारात घ्यावे लागते. आसव-अरिष्टांत संधानाने उत्पन्न झालेले मद्य साधारणतः ५ ते १० टक्के असते. अंगदुखीसाठी आलेल्या मजुरास छाटणीच्या हंगामात दशमूलारिष्ट, प्रसूतीनंतर कामावर परतलेल्या स्त्रीस इतर एखादे अरिष्ट आपण सहज लिहून देतो. मात्रा अल्प असते हे मान्य. परंतु रुग्ण ती दिवसातून दोनदा घेतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या प्रत्येक शेतमजुरास ‘पेस्टिंगला जाता का?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर होकारार्थी असल्यास काढा किंवा वटी द्यावी. शेवटच्या पेस्टिंगनंतर मी सात दिवस अरिष्ट देत नाही.

या विषबाधेवर विशिष्ट प्रतिविष नाही. नावात साधर्म्य असले तरी हे सायनाईड नव्हे आणि सायनाईडवरील प्रतिविष येथे उपयोगाचे नाही. दूषित कपडे उतरवणे, त्वचा भरपूर साबण-पाण्याने धुणे, रुग्णास आडवे निजवणे आणि बाटलीच्या लेबलासह त्यास ग्रामीण रुग्णालयात त्वरित रवाना करणे, हे प्रथमोपचार. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘शेती’ लिहू नये. कोणते द्रव्य, किती तास, कोणत्या साधनाने, हे लिहावे. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी तालुक्यातील वैद्यांनी एकत्र केल्या, तर बागायतदारांच्या बैठकीत ब्रशाची आणि साबणाची मागणी अंदाजाऐवजी नोंदींच्या आधारे मांडता येईल.