मुलांच्या छायाचित्रांतील रेखीव डोळे
लहान मुलाच्या छायाचित्रात डोळे पुसट येतात तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून क्षेत्रखोलीचा, म्हणजे ज्या मर्यादित अंतरपट्टीतील वस्तू रेखीव उमटतात त्या पट्टीच्या अरुंदपणाचा असतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ इतकी उघडून दीड मीटरवरून टिपल्यास ही पट्टी जेमतेम ३ सेंटीमीटर भरते, आणि तेवढ्यात मूल पुढे झुकले की पापण्यांऐवजी कान स्पष्ट येतात. छिद्र एफ/४ पर्यंत लहान केल्यास ती ७ सेंटीमीटरांवर जाते. मात्र प्रकाश घटतो, म्हणून आयएसओ, अर्थात संवेदकाच्या संकेताचे वर्धन, वाढवून शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवणे श्रेयस्कर, कारण कणीदार चित्र खपते, हललेले नाही. चेहरा वळलेला असल्यास फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावरच हवा.