हवामान-रडारांची स्थाननिश्चिती : वर्तुळ आणि उंची

रडारकेंद्राभोवती नकाशावर २५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावयाचे व त्यातील सर्व प्रदेश निरीक्षणाखाली आला असे मानावयाचे, असा एक प्रघात आहे. केंद्राची जागा निश्चित करताना तो दिशाभूल करतो. रडारला किती दूरचे दिसते यापेक्षा तेथील किती उंचीवरचे दिसते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

याचे कारण भूमितीत आहे. शलाका क्षितिजाशी ०·५ अंशाचा कोन करून निघाली, तर नेहमीचे वक्रीभवन जमेस धरूनही पृथ्वीच्या वक्रतेमुळे तिचा मध्य १०० किलोमीटरवर सुमारे १·५, तर २०० किलोमीटरवर सुमारे ४·१ किलोमीटर उंचीवर जातो. शिवाय १ अंश रुंदीची शलाका २०० किलोमीटरवर साडेतीन किलोमीटर जाडीची होते.

आता चिपळूणचे उदाहरण घेऊ. ते मुंबईच्या कुलाबा केंद्रापासून सुमारे १७० व पणजीपासून सुमारे २३० किलोमीटरवर आहे. म्हणजे दोन्ही वर्तुळांत येते. परंतु वरील कोन धरल्यास त्यावरून मुंबईची शलाका सुमारे ३·२, तर पणजीची सुमारे ५ किलोमीटर उंचीवरून जाते. कोकणातील मोसमी पाऊस पुष्कळदा उथळ मेघांतून पडतो, आणि डोंगरउतारावर त्याची वाढ खालच्या थरांतच होते. हा भाग शलाकेखाली राहिला, तर पर्जन्याचे अनुमान प्रत्यक्षाहून कमी येते. २२ जुलै २०२१ रोजी वासिष्ठीच्या पुराने चिपळूण जलमय झाले, हे ध्यानात घेता या उणिवेचे गांभीर्य पटेल.

मग मधले केंद्र कोठे असावे? किनाऱ्यावर ठेवल्यास सह्याद्रीची भिंत पूर्वेकडील दृष्टी अडविते. घाटमाथ्यावर ठेवल्यास दोन्ही उतार दिसतात. मात्र शलाकेचा आरंभच सुमारे एक किलोमीटर उंचीवर होतो. ती क्षितिजाखाली झुकविता येते, पण जमिनीवरून येणारे प्रतिध्वनी वाढतात. ३ सेंटिमीटर तरंगलांबीची लहान रडारे दऱ्यांसाठी सोयीची खरी. तथापि मुसळधार पावसात त्यांचा संकेत १० सेंटिमीटरच्या रडारांपेक्षा फारच क्षीण होतो.

म्हणून नियोजनाचा आरंभ वर्तुळांनी न करता, प्रत्येक स्थळी जमिनीपासून किमान किती उंचीवरचे दिसेल याच्या नकाशाने करावा. त्यावर नद्यांची पाणलोट क्षेत्रे व दाट वस्ती मांडली, की नव्या केंद्राची खरी गरज कोठे आहे ते स्पष्ट होते.