गिटारचे पेडल आणि हरवलेला ट्रान्झिस्टर

वसईजवळच्या गिरीज गावात लग्नाच्या मांडवात संध्याकाळी गाणीबजावणी सुरू झाली, की तुम्ही गिटार वाजवणाऱ्याच्या हातांकडे पाहत असाल. पुढच्या वेळी त्याच्या पायांकडेही पाहा. जमिनीवर एक लहानशी धातूची डबी असते. तो पायाने तिचे बटण दाबतो आणि गिटारचा स्वच्छ सूर एकदम खरखरीत, भरदार होतो. किंवा दरीतून प्रतिध्वनी यावा तसा घुमू लागतो. या डबीला ‘पेडल’ म्हणतात.

पेडल बनवणारे मोठे कारखाने आहेत, तसेच एका खोलीत बसून हाताने सोल्डरिंग करणारे स्वतंत्र कारागीरही जगात ठिकठिकाणी आहेत. यांतले अनेक जण काही वर्षे नाव कमावतात आणि मग व्यवसाय बंद करतात. कधी कधी तर गिऱ्हाईक दाराशी असूनही बंद करावा लागतो. असे का व्हावे? याचे अर्धे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे आणि उरलेले अर्धे पदार्थविज्ञानात.

तरंगाचा माथा कापला तर?

विद्युत गिटारच्या तारांखाली चुंबक असतात व त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. तो साधारणपणे काही दशांश व्होल्ट एवढाच असतो. पेडलमधले ट्रान्झिस्टर तो अनेक पटींनी वाढवतात. पण डबीतली बॅटरी ९ व्होल्टची! त्यापलीकडे तरंग वाढणार कसा? त्याचा माथा आणि तळ कापले जातात.

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली, तर तिची मूळ वारंवारता ११० हर्ट्झ असते. या वारंवारतेचा शुद्ध तरंग दोन्ही बाजूंनी सारखा कापला, तर त्यात ३३०, ५५०, ७७० हर्ट्झ असे तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे नवे स्वर मिसळतात. आपल्याला जी खरखर ऐकू येते ती हीच. माथा करवतीने कापल्यासारखा तीक्ष्ण कोपऱ्याचा असेल, तर वरचे स्वर जास्त. कोपरा गोलसर असेल, तर ते कमी. कोपरा कसा होईल हे ठरते आतल्या मंडलावर आणि त्यातल्या भागांच्या गुणधर्मांवर.

समजा, तुम्हीच कारागीर आहात

समजा, गिरीजमध्ये घराच्या ओटीवर तुम्ही पेडल बनवू लागलात. सामान आणायला तुम्ही वसई रोडहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाल. रेझिस्टर, कंडेन्सर, बटणे, तारा सगळे मिळेल. गाडी अडेल ती जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरपाशी.

इंग्लंडमध्ये १९६६ साली आलेल्या ‘फझ फेस’ या प्रसिद्ध पेडलमध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर होते. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवायला सुरुवात केली होती. पण जर्मेनियमला दोन खोडी आहेत. एक म्हणजे, एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. एक प्रवाह ५० पट वाढवील, तर दुसरा १०० पट. दुसरी खोड म्हणजे, ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळतो आणि ही गळती दर १० अंश सेल्सिअसला सुमारे दुप्पट होते. डिसेंबरच्या सकाळी २० अंशांना जुळवलेले पेडल मे महिन्यात मांडवातल्या दिव्यांखाली ४० अंशांना ठेवले, तर गळती चौपट! मग आवाज बिघडणारच.

सिलिकॉनमध्ये ही गळती फारच कमी. म्हणून रेडिओ बनवणारे मोठे गिऱ्हाईक सिलिकॉनकडे वळले आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवणारे कारखाने एकेक करून थांबले. आज कारागिराला बहुतेक जुन्या शिल्लक मालावरच भागवावे लागते. त्यातला एकेक ट्रान्झिस्टर मोजायचा, जुळेल तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. या मोजणीत गेलेल्या तासांची मजुरी गिऱ्हाइकाकडून पुरती वसूल होत नाही.

बादल्यांची रांग

दुसरे उदाहरण घुमणाऱ्या आवाजाचे. वसईत घराला आग लागली, तर बावखलापासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या पुढे देतील. १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी नेमके हेच विद्युतभाराच्या बाबतीत केले. त्या चिपचे नावच ‘बकेट ब्रिगेड’, म्हणजे बादल्यांची पलटण. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००७ या चिपमध्ये अशी १०२४ घरे होती. एका ठोक्याला भार दोन घरे पुढे सरकतो. सेकंदाला १०,००० ठोके दिले, तर भार ५१२ ठोक्यांत, म्हणजे ०.०५१२ सेकंदात, बाहेर पडतो. हा उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की एकाच्या दोन गिटारी वाजत असल्याचा भास होतो.

पुढे आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो साठवणाऱ्या चिप्स स्वस्त झाल्या आणि मात्सुशिताने या चिप्स बनवणे थांबवले. नंतर इतर काही कारखान्यांनी तशाच चिप्स काढल्या. पण मधल्या काळात ज्यांची पेडल त्या एका चिपवर उभी होती, त्यांचे काय?

शंभरच चिप्स का मिळत नाहीत?

तुम्ही विचाराल, कारागिराला हव्या तेवढ्या शंभर चिप्स कारखाना का बनवून देत नाही? चिप्स एकेकट्या बनत नाहीत. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो-हजारो चिप्स एकदमच छापल्या जातात. छपाईचे साचे, भट्ट्या, धूळविरहित खोल्या यांचा खर्च शंभर चिप्सना आणि लाख चिप्सना जवळजवळ सारखाच. म्हणून मोठे गिऱ्हाईक गेले की लहान गिऱ्हाइकासाठी भट्टी पेटत नाही.

अंकांवर चालणारी पेडलही यातून सुटली नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका येथील असाही कासेई कंपनीच्या चिप-कारखान्याला आग लागली. आवाजाचे अंक करणाऱ्या चिप्सचा तुटवडा पडला आणि ध्वनियंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही आपल्या यंत्रांच्या रचना बदलाव्या लागल्या. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अभियंत्यांचा ताफा असतो. ओटीवरच्या कारागिराने काय करावे?

आणि तो जो माल विकतो, त्याच्याशी स्पर्धा असते यंत्राने भाग बसवणाऱ्या कारखान्याची, तसेच एकाच खोक्यात डझनावारी आवाज देणाऱ्या संगणकीय यंत्राची. नुसते नाव मोठे असूनही भागत नाही. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कला काढलेल्या ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ची पेडल जगभर गाजली होती, तरी १९८४ मध्ये तो कारखाना बंद पडला. मॅथ्यूज यांनी पुढे रशियन रेडिओ-नळ्या विकून पुन्हा जम बसवला आणि १९९० च्या दशकात आपली पेडल परत बाजारात आणली.

नक्कल की समज?

यातून विद्यार्थ्यांनी घ्यायचे काय? ज्या कारागिराला फक्त मंडलाची नक्कल येते, तो नेमका तो भाग संपला की थांबतो. तरंगाचा कोपरा गोल का होतो हे ज्याला कळले आहे, तो सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घेऊन भोवतालचे रेझिस्टर-कंडेन्सर बदलतो आणि त्या आवाजाच्या बरेच जवळ जातो. समज असली म्हणजे व्यवसाय तरेलच असे नाही; पण तिच्याशिवाय तो तरणे कठीण.

ही समज यायला पेडल विकत घ्यायला नको. आलेखाच्या कागदावर १२ घरे उंचीचा एक तरंग काढा. त्याच बिंदूपासून वर चढणारा, तिप्पट वारंवारतेचा आणि २ घरे उंचीचा दुसरा तरंग त्यावरच काढा. आता ठिकठिकाणी दोघांच्या उंचीची बेरीज करून (खाली असेल तिथे वजाबाकी) तिसरी रेघ काढा. ३० अंशांवर ८ घरे येतील, ६० अंशांवर सुमारे १०.४ आणि ९० अंशांवर, जिथे पहिला तरंग १२ घरे चढला होता तिथे, फक्त १०. माथा जवळजवळ सपाट झालेला दिसेल. म्हणजे माथा कापणे आणि तिप्पट वारंवारतेचा स्वर मिसळणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. पुढच्या लग्नात गिटार खरखरली, की या आलेखाची आठवण ठेवा.