डाळीची गिरणी : यंत्राआधी हिशेब

विदर्भ-मराठवाड्यात तुरीचे पीक गावोगाव होते. तूर पोत्यांत भरून बाजारात जाते आणि तिचीच डाळ चढ्या भावाने गावच्या दुकानात परत येते. गावची तूर गावातच भरडली, तर मधली मिळकत गावात राहील व चार हातांना काम मिळेल, हा विचार योग्यच आहे. खेड्यातील ही गरज ओळखून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिलही तयार केलेली आहे.

परंतु यंत्र आले म्हणजे धंदा उभा राहिला, असे नव्हे. कर्ज काढून यंत्र बसवावे, तूर खरेदीस पैसा उरू नये, यंत्र बंद पडून राहावे आणि हप्ता मात्र चालू राहावा, अशी पाळी नवख्या माणसावर सहज येते. शेवटी गोठ्यातील जनावर विकून हप्ता भरावा लागतो. हे टाळावयाचे तर हिशेब आधी मांडावयास हवा.

नफा किती?

उदाहरणादाखल तुरीचा भाव किलोस 70 रुपये व डाळीचा 110 रुपये धरू. वरवर पाहता किलोमागे 40 रुपये सुटतात, असे वाटते. तसे नाही. एक क्विंटल तुरीची 70 किलो डाळ पडली, तर एक किलो डाळीत 100 रुपयांची तूर गेली. उरले 10 रुपये. त्यांत चुनी व टरफलाचे पैसे मिळवावे. आणि त्यातूनच वीज, मजुरी, तेल, पोती व कर्जाचा हप्ता भागवावा.

म्हणून डाळ किती पडते, यावर सारे अवलंबून आहे. तूर नीट निवडली, दाण्यांची लहान-मोठी प्रतवारी केली, तेल लावल्यावर ढीग मुरू दिला आणि वाळवण कडक उन्हात पुरते होऊ दिले, तर डाळीचा चुरा कमी होतो. क्विंटलमागे दोन किलो डाळ अधिक पडली, तर 220 रुपयांची डाळ वाढते. चुनी तेवढी घटते खरी. परंतु तिचा भाव डाळीच्या मानाने फारच थोडा असतो.

आधी मजुरीने भरडाई

रोज 5 क्विंटल तूर विकत घ्यावयाची म्हणजे वरील भावाने 35,000 रुपये रोज लागतात. वाळवण, भरडाई, विक्री व वसुली यांत पंधरा दिवस गेले, तर सव्वापाच लाख रुपये मालातच अडकून राहतात. यंत्राच्या किंमतीचा विचार सारेच करतात. या खेळत्या भांडवलाचा विचार फार थोडे करतात.

यास्तव पहिल्या हंगामात लोकांची तूर मजुरीने भरडून द्यावी. घरच्या खाण्यापुरती डाळ करून घेणारी कुटुंबे गावात असतातच. यात माल दुसऱ्याचा, मजुरी आपली. हात बसतो, गिऱ्हाईक जोडले जाते आणि नुकसानीचा धोका कमी राहतो. दुसऱ्या हंगामात शिलकेच्या बेताने थोडी तूर स्वतः खरेदी करावी.

कर्ज व अनुदान

2008 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदारास प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के, तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींस 35 टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. मात्र हे अनुदान हाती मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते व नंतर कर्जात वळते होते, असा त्याचा नियम. अनुदानाच्या भरवशावर तूर खरेदीचा बेत आखणारा म्हणून फसतो. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम समक्ष विचारून घ्यावेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून विनामूल्य शिक्षण मिळते. त्याचाही लाभ घ्यावा.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ अर्ज भरून देऊन थांबू नये. इच्छुकाबरोबर बसून पुढील चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत :

1. आसपासच्या गावांत तूर किती पिकते व किती कुटुंबे डाळ करून घेतील?
2. पावसाळ्यात वाळवण बंद असता यंत्रास दुसरे काय काम देता येईल?
3. वीज पुरेशा दाबाने किती तास मिळते?
4. दोन महिने विक्री झाली नाही, तर हप्ता कोठून भरणार?

चौथ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर यंत्र एक हंगाम उशिरा घ्यावे. त्यात कमीपणा नाही. उशिरा सुरू होऊन टिकलेली एक गिरणी पाहून गावातील आणखी दोघे धंद्यास पुढे येतात; बंद पडलेली गिरणी पाहून मात्र सारा गाव मागे सरतो.