ऑनलाइन प्रारंभिक जीवशास्त्र अभ्यासक्रम

ऑनलाइन प्रारंभिक जीवशास्त्र अभ्यासक्रम म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीवरील जीवशास्त्राची मूलतत्त्वे आंतरजालाच्या माध्यमातून शिकविणारा नियोजित पाठ्यक्रम होय. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, ठरावीक मुदतीचे स्वाध्याय आणि अखेरची परीक्षा ही त्याची प्रमुख अंगे आहेत. भारतात अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक नियमित पदवीत धरण्याची तरतूद आहे. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही देशातील अन्य संस्थांच्या अध्यापनाचा लाभ घेता येतो. मात्र जीवशास्त्र हे निरीक्षण व प्रयोग यांवर उभे असलेले शास्त्र असल्याने प्रात्यक्षिकांची सोय कोठे व कशी होणार, हा या पद्धतीतील मूलभूत प्रश्न आहे.

अभ्यासक्रमाची व्याप्ती

प्रारंभिक अभ्यासक्रमात सामान्यतः पुढील घटक असतात: सजीवांतील रासायनिक संयुगे (प्रथिने, कर्बोदके, मेद, न्यूक्लिइक आम्ले), पेशीची रचना, श्वसन व प्रकाशसंश्लेषण, पेशीविभाजन, आनुवंशिकता, जनुकाचे कार्य, उत्क्रांती आणि परिस्थितिविज्ञान. घटकांचा क्रम संस्थेगणिक बदलतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी चालणारे ऑनलाइन वर्ग यांहून भिन्न आहेत. त्यांचा भर बारावीच्या पाठ्यपुस्तकावर व बहुपर्यायी प्रश्नांवर असतो आणि त्यांतून पदवीचे श्रेयांक मिळत नाहीत.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेने २००१ मध्ये आपले अध्यापनसाहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे २०१२ मध्ये एमआयटी व हार्वर्ड विद्यापीठ यांनी मिळून एडएक्स हा उपक्रम सुरू केला. त्यावर २०१३ मध्ये एरिक लँडर यांचा प्रारंभिक जीवशास्त्राचा अभ्यासक्रम उपलब्ध झाला. याच वर्षी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने जीवशास्त्राचे विनामूल्य इंग्रजी पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. महागडे परदेशी ग्रंथ विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते आजही उपयोगी पडते.

भारतात भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटेल हा दूरशिक्षण प्रकल्प सुरू केला. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी आरंभ झालेल्या ‘स्वयंप्रभा’ योजनेतून शैक्षणिक कार्यक्रम उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीवर विनामूल्य प्रसारित होतात आणि दिवसभरात त्यांचे पुनःप्रसारणही होते. जेथे आंतरजालाचा वेग अपुरा असतो तेथे हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयांचे नियमित अध्यापनच ऑनलाइन झाले आणि या पद्धतीच्या सोयी व उणिवा दोन्ही सर्वांच्या अनुभवास आल्या.

श्रेयांक व परीक्षा

स्वयम् वरील अभ्यासक्रमास नाव नोंदविणे व तो शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षाशुल्क भरून निर्धारित केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. एनपीटेलच्या पद्धतीत ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास १, ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास २ व १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास ३ श्रेयांक सुचविलेले असतात. साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के व अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘बायॉलॉजी फॉर इंजिनिअर्स अँड अदर नॉन-बायॉलॉजिस्ट्स’ हा अभ्यासक्रम अन्य शाखांतील विद्यार्थ्यांना जीवशास्त्राची ओळख करून देण्यासाठी आखलेला आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे श्रेयांक आपोआप पदवीत जमा होतात, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् द्वारे पूर्ण करण्यास मुभा होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. तथापि कोणते अभ्यासक्रम मान्य करावयाचे हे विद्यापीठ ठरविते. करमाळ्याचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्याने नोंदणीपूर्वीच निवडलेला अभ्यासक्रम आपल्या पदवीस चालतो किंवा कसे, याची महाविद्यालयात लेखी खातरजमा करून घेणे हिताचे असते. परीक्षाकेंद्रे प्रामुख्याने शहरांत असतात आणि सोलापूर शहर करमाळ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे अभ्यासक्रम विनामूल्य असला, तरी परीक्षाशुल्क व प्रवास यांचा खर्च विद्यार्थ्याने आधीच ध्यानात घ्यावा लागतो.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न

सूक्ष्मदर्शक जुळविणे, पातळ छेद घेणे, रंजकद्रव्य वापरणे, मोजमापाची नोंद ठेवणे ही कौशल्ये केवळ पाहून येत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींचे चित्र पडद्यावर सुस्पष्ट दिसते. परंतु स्वतः काढलेला पापुद्रा काचपट्टीवर दुमडतो, आच्छादन-काचेखाली हवेचे बुडबुडे राहतात आणि त्या बुडबुड्यांनाच पेशी समजण्याची चूक घडते. पेशी व बुडबुडा यांतील भेद ओळखणे हा त्या पाठाचाच एक भाग असतो.

या संदर्भात आयोगाच्या विनियमांतील एक तरतूद महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याच्या मूळ महाविद्यालयाने मार्गदर्शनासाठी शिक्षक नेमावा, प्रयोगशाळा, संगणक व ग्रंथालय यांची सोय विनामूल्य द्यावी आणि आवश्यक तेथे प्रात्यक्षिके व त्यांची परीक्षा घ्यावी, असे त्यात अपेक्षित आहे. म्हणजेच ऑनलाइन अभ्यासक्रम हा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला पर्याय मानलेला नसून तिच्या आधारावर उभा आहे. ही तरतूद अमलात न आल्यास विद्यार्थ्याच्या हाती गुणपत्रक येते, पण पुढील वर्गातील प्रयोगांसाठी लागणारी हातोटी येत नाही. ही उणीव शहरापासून दूर राहणाऱ्यांना अधिक जाणवते, कारण त्यांना दुसरी प्रयोगशाळा सहजी उपलब्ध नसते.

प्रयोगशाळेला पूरक अशी काही साधने आहेत. अमृता विद्यापीठ व सी-डॅक यांनी विकसित केलेल्या ‘ओ-लॅब्स’मध्ये शालेय स्तरावरील प्रयोगांची आभासी रूपे आहेत, प्रयोगाची कृती आधी समजून घेण्यास ती उपयुक्त ठरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘फोल्डस्कोप’ हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक असून त्याच्या प्रचलित संचातून सुमारे १४० पट विशालन मिळते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील ‘क्यूब’ या उपक्रमाने फळमाशी, गांडूळ, डॅफ्निया यांसारखे सहज मिळणारे जीव घरी किंवा महाविद्यालयात वाढवून त्यांवर साधे प्रयोग करण्याची आणि त्यांची ऑनलाइन चर्चा करण्याची पद्धत रूढ केली आहे. पिकलेल्या केळ्याच्या फोडींवर येणाऱ्या ड्रॉसोफिला या बारीक माशीचे जीवनचक्र २५ अंश सेल्सिअस तापमानास सुमारे १० दिवसांत पूर्ण होते. त्यामुळे एका सत्रात तिच्या अनेक पिढ्यांचे निरीक्षण शक्य होते.

परिसरातील उदाहरणे

राष्ट्रीय किंवा परदेशी अभ्यासक्रमांतील उदाहरणे स्थानिक नसतात. ती आपल्या परिसराशी जोडून घेतल्यास विषय अधिक पक्का होतो. करमाळा तालुक्यातील पुढील उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

केळी: कंदर परिसर केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. लागवडीतील बहुतेक केळी त्रिगुणित असतात. त्यांच्या पेशींत ११ गुणसूत्रांचे ३ संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. अर्धसूत्री विभाजनात तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून फळात बी धरत नाही. परिणामी लागवड मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून करावी लागते. अशी रोपे सूत्री विभाजनातून निर्माण होत असल्याने जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असतात आणि एखाद्या नव्या रोगास सारख्याच प्रमाणात बळी पडू शकतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘ग्रो मिशेल’ या वाणाची निर्यातप्रधान लागवड मर रोगामुळे अशीच मोडीत निघाली.

ज्वारी: रब्बी ज्वारी हे या भागाचे जुने पीक आहे. ज्वारी ‘सी-४’ प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करते. कार्बन डायऑक्साइड पेशींत एकवटून वापरण्याच्या या रीतीमुळे उष्ण व कोरड्या हवेत ती पाण्याचा काटकसरीने उपयोग करू शकते. गहू ‘सी-३’ प्रकारचा असल्याने दोहोंच्या पानांची तुलना करता येते.

उजनी जलाशय: भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय करमाळा तालुक्याच्या कडेने पसरला आहे. तेथे हिवाळ्यात रोहित व अन्य स्थलांतरित पक्षी येतात. पुण्याच्या बाजूने वाहत येणाऱ्या सांडपाण्यामुळे पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्ये वाढतात, शैवाल माजते आणि त्याच्या कुजण्याने पाण्यातील प्राणवायू घटतो. अन्नसाखळी व परिसंस्था या प्रकरणांसाठी हे जिवंत उदाहरण आहे.

परासरणाचा पडताळा स्वयंपाकघरातही घेता येतो. कच्च्या बटाट्याच्या सारख्या मापाच्या दोन फोडी साध्या पाण्यात व मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवल्यास पहिली ताठ राहते व दुसरी मऊ पडते, कारण तिच्या पेशींतील पाणी बाहेर जाते. मात्र पानातील पिष्ठाची परीक्षा करताना स्पिरिट तापवावे लागते. ते पेट घेत असल्याने तो प्रयोग घरी न करता शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करावा.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला तंतुकणिका, हरितलवक, केंद्रक, परासरण हे शब्द परिचित असतात. अकरावीपासून विज्ञान शाखेत त्याच संकल्पना इंग्रजी नावांनी पुढे येतात. ऑनलाइन व्याख्यानात थांबवून विचारता येत नसल्याने ही अडचण वाढते. पण व्याख्यान पुन्हा ऐकता येणे, त्याचा वेग कमी करता येणे व लिखित रूप वाचता येणे या सोयी तिच्यावर काही अंशी मात करतात. एनपीटेलच्या निवडक अभ्यासक्रमांची लिखित रूपे मराठीसह अन्य भारतीय भाषांत भाषांतरित झाली आहेत. पारिभाषिक शब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व मराठी विश्वकोश उपयोगी पडतात. इंग्रजी संज्ञा व तिचा मराठी प्रतिशब्द यांची वही विद्यार्थ्याने स्वतः तयार केल्यास पाठांतराऐवजी अर्थबोध साधतो.

मर्यादा

खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना नोंदणी पुष्कळ होते, पण त्यांतील थोडेच जण अभ्यासक्रम पूर्ण करतात. वेळापत्रकाचा धाक नसणे, घरकाम वा शेतीची कामे, एकाच दूरध्वनी संचावर अनेक भावंडांची भिस्त आणि शंका विचारण्यास जवळ कोणी नसणे ही त्याची नेहमी आढळणारी कारणे होत. चार-पाच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून स्वाध्यायांची चर्चा करणे आणि महाविद्यालयाने त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची ठरावीक वेळ राखून ठेवणे, या दोन उपायांनी ही गळती कमी होण्यास मदत होते.