ट्रॉलीचा भार आणि पुढची चाके

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर उचलली जातात, तेव्हा ओझे किती यापेक्षा ते कोठे टेकले आहे हे अधिक महत्त्वाचे असते. दोनचाकी ट्रॉलीचे काही वजन दांड्यातून ट्रॅक्टरच्या हुकावर येते आणि हूक मागच्या आसाच्याही मागे असल्याने तरफेच्या नियमानुसार पुढचा आस हलका होतो. दोन आसांत २ मीटर अंतर असताना मागच्या आसामागे ०.६ मीटरवर ८०० किलो टेकले, तर पुढचा भार २४० किलोंनी घटतो व वळणावर चाके घसरू लागतात. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतःच पेलते, म्हणून तिथे ही अडचण फारशी येत नाही. पुढचा आस हलका होण्यावर उपाय म्हणून ट्रॅक्टरला पुढे लोखंडी वजने लावतात. पिकअप ट्रकसाठी मात्र भार-विभाजक जोडणी, म्हणजे ताणलेल्या पोलादी पट्ट्यांनी हुकावरचा काही भार पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या आसाकडे वळवणारी रचना, वापरली जाते. तिची गरज अंदाजाने ठरवू नये. ट्रेलर जोडण्यापूर्वी व जोडल्यानंतर केवळ पुढची चाके वजनकाट्यावर घेऊन फरक पाहावा आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी तो ताडावा. वाहनाची भारक्षमता या जोडणीने वाढत नाही.